मॅक्स होल्ड

तक्रार अशी होती:
भंवरकुआँच्या मागच्या तीन गल्ल्यांत
फोनला दांड्या पूर्ण दिसतात,
समोरच्याचं सगळं ऐकू येतं,
आपलं मात्र कुणापर्यंत पोचत नाही.

गाडीत बसल्यावर मला हसू आलं.
ही तक्रार घेऊन माणसं कुठं कुठं जातात,
आणि इथे तिला क्रमांक मिळाला होता.

तीन किलोचं यंत्र, पट्टा मानेत रुतलेला.
अशफाकच्या हातात अँटेना, माशाच्या काट्यासारखा.
एप्रिलचं अकराचं ऊन, पडद्यावर काही दिसेना,
म्हणून ओढणी डोक्यावरून पुढे ओढली
आणि त्या एवढ्याशा अंधारात
गवत उगवलं.

गवतच म्हणतो आम्ही त्याला.
पडद्याच्या तळाशी सळसळणारी पिवळी रेघ,
कुणी बोलत नसतं तेव्हाही असते ती.
इथले सगळे आकडे शून्याच्या खालचे.
वजा एकशे दहा असायचं, तिथे वजा चौऱ्याऐंशी.
पुरुषभर वाढलेलं,
आणि आत बसलेली माणसं
टॉवरला दिसत नव्हती.

"मैडम, सोना ढूँढने की मशीन है क्या?"
रसवाल्याने चरक थांबवून विचारलं.
"मिला तो आधा तुम्हारा," अशफाक.

अर्धा तास एका पत्र्याने फसवलं.
पत्राही बोलतो. दुसऱ्याचं.
मग डावीकडे, मग पुन्हा मागे,
दोन डीबी कमी, पाच जास्त,
शेवटी इतकं जवळ आलो
की यंत्राच्या कानात बोळा घालावा लागला.

तळघर. वर पाटी: लायब्ररी, चौबीस घंटे.
कुलूप गेंदालाल पाटीदारांनी उघडलं, तिसऱ्या किल्लीने.
पोरं दुसरीकडे गेली, म्हणाले, एसीवाल्याकडे.
बासष्ट खुर्च्या, बासष्ट फळ्या,
सदतिसाव्या फळीवर बॉलपेनने: यहाँ नींद आती है.
भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत
कृपया शांति बनाए रखें,
आणि त्याच्या बरोब्बर वर, छताला,
हिरवा दिवा लावून बसलेला रिपीटर.

गच्चीवरचा त्याचा अँटेना वाऱ्याने कलंडला होता,
जिन्याच्या पोकळीतून थेट खाली याच्याकडे बघत.
म्हणजे स्वतःचंच ऐकायचं,
तेच मोठ्याने बोलायचं,
तेच पुन्हा ऐकायचं.
चौदा महिने.

"बिल तो मैं भर रहा था,"
पाटीदार म्हणाले, जरा दुखावून.

खटका खाली केला.
गवत एकदम बसलं.
आणि मोकळ्या जमिनीवर
एक बारीक पातं उठलं, मावळलं.
मग दुसरं, लांबवर.
कोण, कुणाला, काय, हे यंत्र सांगत नाही.
किती जोरात, एवढंच.

वर निळी रेघ तशीच उभी होती, मॅक्स होल्डची:
जिने जिथवर हात लावला
तिथून ती खाली येत नाही.
रिपोर्टसाठी तिचा फोटो घेतला. मग पुसली.

नियमाप्रमाणे तक्रारदाराला फोन.
दिनकर धारकर, घर क्रमांक एक्केचाळीस.
"हॅलो. माझं ऐकू येतंय का तुम्हाला?"
येतंय, म्हटलं.
"स्पष्ट?"
स्पष्ट.
"अरे! तुम्ही आपल्याकडच्या?"

आणि सुरू झाले:
गीझरची गॅरंटी, धारची जमीन,
भावाने फेब्रुवारीत फोन ठेवला तो का ठेवला,
आपण तर उत्तर देत होतो, सगळं सांगत होतो,
त्याला वाटलं असणार, हा गप्प बसलाय.

अशफाकने घड्याळ दाखवलं. अजून दोन साइट्स होत्या.
मी सदतीस नंबरच्या खुर्चीत बसले.
पडद्यावर डाव्या बाजूला एक पातं
उठत होतं, थरथरत होतं.
ते त्यांचंच असेल असं नाही,
पण ते श्वास घ्यायला थांबले
की तेही खाली बसायचं.

मी मॅक्स होल्ड पुन्हा लावलं
आणि म्हटलं, हं, मग?